चुन्याचे ठिपके
माझ्यावर सर्वांत मोठे उपकार शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. त्यांनीच मला कॉलेजात घातलं. चुन्याचा वास आला की कासूच्या खाडीकाठचं मामाचं कोळंबी पाळायचं तळं आठवतं. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन मी नुकताच परतलो होतो, तेव्हा एके दिवशी तिथल्या कोळंबीवर पांढरे ठिपके दिसले. “रोगच हाय, आजच काढ, नायतर सगली मरल,” शेजारी ओरडत होते. पण अजून बोटाएवढ्याच असलेल्या कोळंबीला बाजारात भाव नव्हता. मामी रडत होती. मी रोगाचा विषाणू शोधणारं डब्याएवढं तपासणीयंत्र बांधावरच मांडलं. “भाच्या, डबा काय सांगनार?” मामा म्हणाला. तासाभरात कळलं, विषाणू नव्हताच. “मामा, चुना किती टाकलास?” “रोज टाकतोय, पानी साफ व्हावं म्हनून.” ठिपके जास्त झालेल्या त्या चुन्याचेच, कवचावर साठलेले होते! कोळंबी काढायला आणलेली जाळी हसत हसत गुंडाळली गेली. आता अशा तपासण्या मी नेहमीच करतो, पण त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं: “बाई, आमच्या घरातली पहिली पदवी आज बांधावर उपयोगी पडली.”