अक्षता पडेपर्यंत पाणी नाही

उन्हापासून बचाव कसा करावा, हे मला एप्रिल महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या हॉलमध्ये शिकवण्यात आलं. मी बदनापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं याचा आमच्याकडे साधा हिशेब आहे: ज्याला वेळेवर बहाणा सुचत नाही, तो जातो. हॉलमध्ये चार पंखे होते. तीन वीज गेल्यामुळे बंद पडले आणि चौथा वीज असतानाही बंदच होता. वीज नाही म्हणून समोरच्या साहेबांना पडद्यावर चित्रं दाखवता येईनात, तेव्हा ते नुसत्या हातवाऱ्यांनी पृथ्वी तापवत होते. "बारा ते चार घराबाहेर पडू नका," असं त्यांनी तळमळीने सांगितलं. त्यासाठी आम्ही सगळे बारा वाजता घराबाहेर पडून तिथे जमलो होतो. शेवटी प्रत्येकाला उष्णतेच्या लाटेवरची एक पुस्तिका मिळाली, आणि तिने आम्ही लगेच वारा घेऊ लागलो.

मी मात्र प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. माझ्या डोक्यात एकच माणूस होता, माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आदल्या उन्हाळ्यात ते वडीगोद्रीकडे एका लग्नाला गेले आणि भर दुपारी, नवरदेव नाचायचा थांबण्याची वाट बघता बघता, उभ्याचे आडवे झाले. लोकांनी त्यांना हायवेवरच्या रसवंतीच्या बाजेवर निजवलं आणि डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं. डोळे उघडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चक्कर न्हाई आली. जरा बसलो होतो." डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, या वयात परत असं झालं, तर उठून हे वाक्य म्हणतीलच असं मी सांगू शकत नाही."

आणि आता धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं.

आमच्या घरात मुलीचा बाप लग्नाच्या दिवशी अक्षता पडेपर्यंत उपाशी राहतो. बाकीचे बाप शहाणे असतात. ते चहा घेतात, केळी खातात, दूध पितात, एक मावसकाका तर साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन ताटल्या खाऊन उपाशी राहिले होते. अण्णा पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या लग्नातही ते असेच निर्जळी होते. पण माझं लग्न माघात झालं, गुरुजी होमाजवळून उठायला तयार नव्हते एवढी थंडी होती. मेमधल्या साडेबाराच्या मुहूर्ताला हा उपास म्हणजे जाणूनबुजून विहिरीत उडी, आणि विहिरीत पाणीही नाही.

मी अण्णांना समजावलं. म्हटलं, "घाम येतो, तो वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. माठ पाझरतो म्हणून गार राहतो ना, तसं. माठात पाणीच नसलं तर पाझरणार काय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "माठाला कधी पोरीचं लगीन करावं लागतंय का?"

तिथे मामा बसले होते. माझ्या आईचे भाऊ. लग्नात मुलीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं, म्हणून लग्न ठरल्यापासून ते आमच्या सगळ्यांच्याच पाठीशी उभे होते. ते म्हणाले, "उन्हाळ्यात ऊन पडणार न्हाई तर काय दिवाळीत पडंल?"

मग मी मामांना गोधडी सांगितली. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की जो वायू वर जातो त्याची पृथ्वीभोवती गोधडी होते. ऊन आत येतं, पण आतली ऊब बाहेर जायला पाहिजे ती अडकते. पूर्वीही गोधडी होती, ती हवीच, नाहीतर आपण गारठलो असतो. पण आता आपण तिला थरावर थर शिवत चाललोय, म्हणून उन्हाळे असे अंगावर यायला लागलेत, रात्रीही गार होत नाहीत.

"मंग गोधडीतून एक पाय बाहेर काढावा," मामा म्हणाले. "मी तर काढतो बा. आन् शिवली कुणी एवढी? आपल्याकडं सगळा मिळून एक ट्रॅक्टर."

हा मुद्दा बरोबर होता. श्रीमंत देशांनी जास्त शिवली आणि पांघरलेली आपण सगळ्यांनी आहे. जगातले मोठमोठे लोक दरवर्षी एकत्र बसून याच मुद्द्यावर भांडतात आणि आमच्या मामांसारखेच जेवून उठतात. पण मला त्या दिवशी जगाशी घेणं नव्हतं. प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं की उपाय दोन प्रकारचे: एक तर तापणं कमी करायचं, नाहीतर तापलेल्या जगाशी जुळवून घ्यायचं. अण्णा बदलणार नव्हते. तेव्हा मुहूर्त बदलायचा.

मला वाटलं गुरुजी खवळतील. ते पंचांग चाळत म्हणाले, "सकाळचे मुहूर्त असत्यात की. कुणी मागत न्हाई म्हणून मी बी सांगत न्हाई." पत्रिकेत छापलं, सकाळी ठीक आठ. पत्रिका वाटल्या आणि फोन सुरू झाले. निम्म्या लोकांनी विचारलं, "आठ म्हंजी रातचे ना?" मी प्रत्येकाला गोधडी सांगितली. पुढेपुढे लोक माझा फोन उचलेनात.

लग्न आमच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला होतं. नवरदेव, त्याच्या घरचे आणि मित्र आदल्या संध्याकाळीच येऊन उतरले. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणला होता, तो मांडवाच्या दारात मुहूर्तमेढीला बांधला. अण्णा तिथेच उभे राहणार होते, म्हणून. सकाळी मेढीची पूजा करायला बायका आल्या आणि त्यांनी तापमापकालाही हळदीकुंकू लावलं. मी पुसलं. दुसरी टोळी आली, तिने परत लावलं आणि वर फूल खोचलं. एक काकू तर त्याला हात जोडून म्हणाल्या, "दया कर रे बाबा." मी नाद सोडला. त्या दिवशी पारा कुठवर चढला ते कुणालाच कळलं नाही, कुंकू कुठवर आहे तेवढं दिसत होतं.

आठ वाजले. नवरदेव तयार, नवरी तयार, गुरुजी अंतरपाट झटकून बसलेले. फक्त बोलावलेली माणसं नव्हती. सहाशे खुर्च्या आणि त्यातल्या एका खुर्चीखाली एक कुत्रं. अण्णा दारात फेटा बांधून, जाकीट घालून, हात जोडून उभे होते आणि रिकाम्या रस्त्याला नमस्कार करत होते.

"येतील, उशीर होतोच," असं सगळे म्हणत होते. नऊ वाजले. नवरदेवाचे मित्र वेळ घालवायला मारुतीपुढे नाचून आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन अण्णांजवळ गेले.

"अण्णा, घोटभर."

"अक्षता पडू दे."

"पडणार कुणाच्या हातानं? माणसं कुठंयत?"

"येतीन. तू व्हय आत."

दहा वाजत आले तेव्हा मी एका चुलतभावाला फोन लावला. तो अंघोळीला निघाला होता. म्हणाला, "ताई, साडेबाराला येतोच की. मामांचा मेसेज आल्ता ना सगळ्यायला." मी त्याला तो मेसेज वाचायला लावला. मी ज्या ग्रुपमध्ये नाही त्या ग्रुपवर मामांनी लिहिलं होतं: 'पत्रिकेतले आठ हे मास्तरीणबाईंच्या समाधानासाठी आहेत. लग्न नेहमीप्रमाणे साडेबारालाच लागेल. कोणीही जल्दी करू नये.'

मला राग आला की मी वर्गात काय आणि मांडवात काय, आवाज मोजत नाही. मी मामांना जे बोलले ते ऐकून बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

"का वरडून राह्यली?" मामा म्हणाले. "माणसं काय आठला लग्नाला येत असत्यात? मी बिलकुल चांगलंच केलं, लोकायची झोप वाचवली."

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष अण्णांकडे गेलं. मघापर्यंत त्यांच्या गालावरून घाम निथळत होता. आता कपाळ कोरडं होतं. ओठ पांढरे पडलेले. ते मेढीला हात लावून उभे होते, टेकलोय असं कुणाला वाटू नये इतपतच. पुस्तिकेतल्या चित्रातला माणूस असाच होता. विज्ञान, पुस्तिकेतला आराखडा, पिवळा इशारा, केशरी इशारा, सगळं मला पाठ होतं, आणि समोरच्या माणसाच्या घशात एक घोट पाणी मला घालता येत नव्हतं. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात नवरी बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेली, शालू दोन्ही हातांनी वर धरलेला, मागून बायका "अगं, अगं" करत पळताहेत. ती सरळ अण्णांपुढे जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मी बी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई. तुमी पिल्याबिगर मी पिणार न्हाई. आता माझ्याच्यानं उभं ऱ्हावत न्हाई."

अण्णांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग त्यांनी गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा आवाज काढला, "गुरुजी! पोरगी तहानली. उभं करा त्यायला!"

"दाजी, पण माणसं?" मामा म्हणाले.

"हे काय हायेत मंग?" अण्णांनी मांडवभर हात फिरवला.

तेव्हा आम्हाला दिसलं की माणसं होती. आचारी आणि त्याचे सगळे गडी होते, पोळ्या लाटणाऱ्या बाया होत्या, बँडवाले, मांडववाला, घोडेवाला, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. सगळ्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. आचाऱ्याचे हात बेसनात होते, त्याने अक्षता झाऱ्यात घेतल्या. माइकवाल्याकडे सत्कारासाठी आणलेल्या टॉवेल-टोप्यांचा ढीग होता आणि सत्कार घेणारे पुढारी अजून घरी झोपलेले. त्याला माइक हातात असताना गप्प बसता येत नाही. त्याने टँकरच्या ड्रायव्हरला पुढे बोलावलं, "तालुक्याचे ज्येष्ठ पाणीपुरवठा मार्गदर्शक" अशी ओळख करून दिली आणि टॉवेल-टोपी दिली. घोडेवाल्याचा सत्कार वाहतूक क्षेत्रातला म्हणून झाला. आणखी दोघं रांगेत उभे राहिले तेव्हा अण्णांनी माइकवाल्याकडे असं बघितलं की तो आपणच खाली उतरला.

मंगलाष्टकं बँडच्या गायकाने म्हटली. त्याला चाल एकच येत होती आणि ती नाचायची होती. सावधान झालं, झाऱ्यातून आणि हातांतून अक्षता पडल्या, आणि मी तांब्या पुढे केला. अण्णांनी तो वर धरला आणि खाली ठेवेपर्यंत श्वास घेतला नाही. मग दुसरा तांब्या. मग त्यांनी फेटा काढला, कुलरसमोर बसले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. घाम बघून इतका आनंद झालेली मी जिल्ह्यातली एकमेव बाई असेन.

साडेबाराला खरं लग्न आलं. जीपा, मोटारसायकली, सहाशेच्या सहाशे खुर्च्या भरल्या. लग्न लागून गेलं म्हटल्यावर लोक चिडले. "अक्षता टाकल्याबिगर जेवावं कसं?" असा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे फुकट जेवणारा म्हणवून घेणं कुणाला परवडत नाही. तेव्हा मामांनी नवरानवरीला परत उभं केलं आणि लग्न दुसऱ्यांदा लावलं. गुरुजींनी स्वच्छ सांगितलं की हे शास्त्रात नाही, आणि अंतरपाट धरला. मामा जाड सफारी घालून भाचीच्या पाठीशी उभे राहिले. मांडवाच्या कापडाला बरोबर तिथेच भोक होतं. तिसऱ्या मंगलाष्टकाला मामा हळूहळू आखूड होत गेले आणि चौथ्याला दिसेनासे झाले.

अण्णा स्वतः उठून मीठसाखरेचं पाणी घेऊन गेले. मामांनी डोळे उघडले.

"चक्कर न्हाई आली, दाजी. जरा बसलो होतो."

"मला ठाऊक हाये," अण्णा म्हणाले, "बसल्यावर कसं वाटतंय ते. प्या."

संध्याकाळी वऱ्हाड गेलं. गाडीत बसताना धाकटी माझ्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता कानात म्हणाली, "ताई, मी सकाळीच दोन गिलास ताक पिल्ते. अण्णायला सांगू नको."

मांडवात मी आणि अण्णा दोघंच खुर्च्यांवर बसलो होतो. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, "अण्णा, रागावू नका. धाकटी तहानलेली न्हवती. सकाळीच ताक पिल्ती ती."

"ठाऊक हाये."

"कसं काय?"

"ओठावर लागल्तं की तिच्या. पांढरी रेघ. मला काय दिसत न्हाई का?"

"मंग तुम्ही एवढं गुरुजी, गुरुजी करून का वरडले?"

अण्णांनी खुर्चीखालचा तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "मलाबी लई तहान लागल्ती गं माय."