हळदीखालचा पिवळेपणा

माझी मुलगी जन्मली त्या वर्षी पाऊस असा झालाच नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरच्या विहिरी आटलेल्या आणि टँकरचा भरवसा नाही. म्हणून मी जाण्याऐवजी आईच बजाजनगरला, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली. नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टवर. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली, त्याचं श्रेयही आईचंच. पण तान्ह्या बाळाचं माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आई सांगेल ते मी ऐकत होते.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बाळाला रोज न्हाऊ कुठून घालणार? आई डाळीच्या पिठात हळद आणि तेल कालवून अंगाला चोळायची, मग ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. मलाही पाणी बेतानंच मिळे. "बाळंतिणीनं लई पाणी पिऊ नाय, पोट सुटतं," असं ती म्हणे. जीभ टाळूला चिकटायची, पण वाद घालण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं.

एकदा मी विचारलं, "आई, ही पिवळी दिसतीय का गं?"

"हळद लावल्यावर काय हिरवी दिसंल?"

आम्ही दोघी हसलो.

बाळ रडतही नव्हतं. छातीशी धरलं की दोन घोट ओढायचं आणि झोपायचं. लंगोट बऱ्याचदा कोरडाच. शेजारीण म्हणाली, "गुणाचं लेकरू आहे, आमचं तर सगळी गल्ली उठवतं." आई खूश झाली. "लई गरीब हाय माय."

मग एका सकाळी शिफ्टवरून आलेल्या नवऱ्यानं तिला उचललं आणि दार उघडून उजेडात नेलं.

"हिचे डोळे बघ," तो म्हणाला.

डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. डोळ्यांना तर कुणी हळद लावली नव्हती.

आई घाबरली. "कावीळ हाय ही! आपल्या गावात उतरवणारा हाय. आन् तू दूध बंद कर, दुधातूनच उतरली असंल."

"आधी दवाखाना," मी म्हणाले. आई कुरकुरत का होईना, आमच्यासोबत रिक्षात बसली.

डॉक्टरबाईंनी बाळाच्या कपाळावर बोट दाबून उचललं, मग छातीवर, मग तळपायावर. दाबल्या जागी रक्त सरकतं आणि खालचा पिवळेपणा उघडा पडतो. तो तळपायापर्यंत पोचला होता. "पण रडत बी नाय, लई गरीब हाय," आईनं सांगितलं.

"बहुतेक बाळांना थोडी होते आणि जाते," त्या म्हणाल्या. "जुनं रक्त मोडून पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायला यकृत अजून कच्चं असतं. दूध कमी पडलं की शी कमी होते, पिवळं आतच राहतं. फार वाढलं तर मेंदूला इजा होते. हे बाळ गरीब नाही हो आजी, सुस्त झालंय."

"मग दूध बंदच करायचं ना?" आईनं विचारलं.

"दूध बंद करायचं नाही. उठवून उठवून पाजा. आणि तुम्ही पोटभर पाणी प्या."

रक्त तपासून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी. आईनं बराच वेळ बघून विचारलं, "उजेडानं जाती व्हय कावीळ?"

"जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजेडानं ते पिवळं शी-लघवीतून निघून जाण्याजोगं होतं."

पाजायला तेवढी ती माझ्या हातात यायची. मी तळपाय चोळायची, कानाची पाळी ओढायची. ती डोळेही उघडत नसे. बसल्या बसल्या माझीच मान लवे आणि आई खांद्याला धरून हलवे. आधी ती मला जागं करायची, मग मी बाळाला. बाळाचा मेंदू शाबूत राहील का, हे विचारायची मला हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आपली आपणच उठली आणि किंचाळली. सिस्टर मागे वळून बघू लागली. "अगं घे लवकर, भुकेनं तापलीय ती!" आई म्हणाली. मी छातीशी घेताच तिनं असं धरलं की मला कळ आली. पाठ भरून आली तरी मी हलले नाही. थोड्या वेळानं रक्तातल्या काविळीचा आकडा उतरल्याचं सिस्टर सांगून गेली, तेव्हाही ती पीतच होती.