पॅनलवाल्या भाऊंचं ‘कोन?’

समोर उभं राहिलं तरी ‘कोन?’ विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमचे पॅनलवाले भाऊ तसे होते. मालेगावजवळच्या डाळमिलमध्ये मी डाळ निवडायला जायची, आणि ते विजेची कपाटं सांभाळायचे. मी चहा घेऊन गेले की माझ्याकडे बघत बघतच विचारायचे, ‘कोन?’

‘गयाबाई, केनवडची.’

मग कुठे कप हातात घ्यायचे.

एकदा मी चिडलेच. ‘भाऊ, रोज काहून विचारता? आंधळे झाले काय?’

‘मी नाही बाई, हे कपाट विचारते. मले त्याचीच सवय लागली.’

त्या कपाटात म्हणे दोन यंत्रं. एक मिल चालवणारा कंट्रोलर, दुसरं वीज मोजणारं मीटर. तारेवरून दोघांचं बोलणं चालतं, पण आधी मीटरनं आपलं ओळखपत्र दाखवायचं. त्याशिवाय कंट्रोलर त्याचं एक अक्षर ऐकत नाही. ‘उद्या कोनी भलताच मीटरच्या नावानं बोलला, तं मोटर जळून जाईन ना!’ आता एकाच कपाटात शेजारी शेजारी राहणारी ती दोघं, त्यांना रोज कसली आली ओळख? मला काही उमजलं नाही. आणि खरं सांगू, भाऊंनाही अर्धंच उमजलं असावं.

एका दसऱ्याला तर कहरच झाला. पूजेच्या दिवशी यंत्रं बंद ठेवायची आमची रीत. भाऊंनी बटणं बंद केलीच, वर कंट्रोलरच्या पोटातला घड्याळाचा सेलही काढून हळदी-कुंकवाच्या ताटाशेजारी ठेवला. ‘त्यालेही एक दिवस आराम पाहिजे.’ दुसऱ्या दिवशी सेल बसवला, बटण दाबलं, तर मिल ढिम्म. कंट्रोलर मीटरला ओळखेना! शेठ ओरडताहेत, भाऊ घामाघूम, आम्ही बाया सुपं धरून उभ्या. शेवटी फोनवरच्या इंजिनिअरनं सांगितलं, कंट्रोलरचं घड्याळ कितीतरी वर्षं मागं गेलंय. त्याच्या हिशेबी ते ओळखपत्र अजून निघालेलंच नाही. भाऊंनी तारीख-वेळ नीट लावली आणि मिल सुरू. ते मात्र बराच वेळ डोकं खाजवत बसले. ‘म्हंजे मीटर खरं, कंट्रोलरही खरा, अन् तरी वळख नाही. कमाल हाय!’

आता भाऊ आसेगावला घरीच असतात. माणसं विसरून राह्यले, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. मला वाटलं, जगाला विसरतील, मला कसे विसरतील? तेवढं बघायलाच मी परवा गेले. भाऊ ओसरीवर बसले होते.

‘कोन?’

मला हसूच आलं. ‘गयाबाई, केनवडची.’

‘कोन गयाबाई?’

थट्टा करतात की खरंच, मला कळेना. मग आपणच सांगू लागले, ‘मालेगावले नवी डाळमिल निंगून राह्यली म्हंते. काम भेटते का पाहतो.’

म्हणजे त्यांच्या घड्याळात मी अजून मिलमध्ये आलेच नव्हते. मी आपली वेड्यासारखी आजचा वार सांगितला, तारीख सांगितली, सालसुद्धा सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

वहिनींनी चहा आणला. त्यांच्या हातातला कप मी घेतला आणि भाऊंपुढे धरला.

‘कोन?’

‘गयाबाई, केनवडची.’

मग भाऊंनी कप घेतला.