विहिरींच्या नावाची बिलं

मंठाळच्या बसथांब्याला लागून माणिकप्पाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की हा माणूस आतली काळी पडलेली तार उपसतो आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे भरत बसतो. वेढे मोजता मोजता त्याची अशी तंद्री लागते, की पुढ्यातल्या चहावर साय धरली तरी पत्ता नसतो. तंद्रीत त्याला पाणी दिसतं. ज्या विहिरीची मोटार मांडीवर, तिचंच पाणी. शिवाप्पाच्या विहिरीचं हिरवट, गुरुपादय्याच्या विहिरीचं तळ दाखवणारं. गिऱ्हाइकं हसतात. हसेनात का, मोटार तर त्याच्याइतकी चांगली कुणी भरत नाही.

इकडे विहीर ज्यानं पाडली, त्याचं नाव तिला लागतं. माणूस जातो, शेत पोरांच्या नावावर होतं, विहिरीचं नाव मात्र तेच राहतं. माणिकप्पाची हिशोबाची वहीसुद्धा अशीच, विहिरींच्या नावांची; आताच्या मालकांची नावं तिच्यात कधी नव्हतीच. त्याच्या बायकोला, मंगलला, याची फार मौज वाटायची. कोहिनूर गावाच्या वाटेवर त्यांचं दीड एकर कोरडवाहू आहे. ती म्हणायची, "आपलीबी एक विहीर पाडू. माझी मोटार जळंल, मग मी गिऱ्हाईक हून येते तुमच्याकडं. बघा कशी घासाघीस करते." विहीर काही झाली नाही. चार वर्षांमागं मंगलच गेली.

आता शेतकऱ्यांची पोरं हैदराबादेत, पुण्यात. पैसे तिथूनच पाठवतात आणि बिल फोनवर मागतात. म्हणून लेकीनं, भाग्यलक्ष्मीनं, बापाच्या मोबाइलमध्ये बिलाचं अ‍ॅप घातलं. महिनाभर फुकट, पुढं वर्षाला बाराशे. वहीतल्या एकशे सात विहिरी माणिकप्पानं हौसेनं एका बोटानं त्यात भरल्या. 'ग्राहकाचे नाव' असं विचारल्यावर त्यानं सरळ लिहिलं, 'शिवाप्पाची विहीर'. लेकीनं कपाळावर हात मारला.

"अप्पा, गिऱ्हाईक म्हंजे पैसे देणारा माणूस!"

"माणसाची कुठं मोटार जळती? जळती ती विहिरीची," माणिकप्पा म्हणाला. यावर कुठला वकील काय बोलणार?

महिना सरला. त्या दुपारी वीज गेली होती, पिंपळाची सावली दुकानात हळूहळू हलत होती. भाग्यलक्ष्मीनं दुसरं अ‍ॅप शोधून आणलं होतं, कायमचं फुकट. पण त्यात चाळीसच नावं मावत. जुनं आज संध्याकाळी बंद होणार. तिनं फोन हातात घेतला.

"सदुसष्ट नावं काढावी लागतील. मेलेल्यांची आधी काढते. कामून ठेवायलाव तुमी?"

बाराशे म्हणजे एका मोटारीची मजुरी, लेकीचं चुकत नव्हतं. तिनं पहिलं नाव धरलं, 'बसव्वाची विहीर'. अ‍ॅपनं विचारलं, 'हा ग्राहक कायमचा काढायचा?' माणिकप्पानं हात आडवा घातला.

"थांब गं जरा. हिचं बिल तर आठ दिवसांमागं केलतं."

वाटेकऱ्यानं मोटार आणली होती आणि माणिकप्पानं वहीत होता तोच फोन नंबर घालून बिल पाठवलं होतं. तो नंबर बसव्वाचा होता. बसव्वाला जाऊन दोन वर्षं झाली होती. भाग्यलक्ष्मीनं बिल उघडलं. खाली 'वाचले' अशी खूण होती.

"अप्पा, बिल वाचलंय की कुणीतरी."

माणिकप्पानं स्वतःच त्या नंबरला फोन लावला. पलीकडे बसव्वाचा मुलगा सुनीलकुमार होता, हैदराबादेहून.

"मीच वाचलो अण्णा. आईचा फोन चार्ज करून ठेवतो मी. चालू ऱ्हावं म्हणून. पैसे आज पाठवतो."

"पैशासाठी न्हाई लावलो बाबा. नाव चुकलं. तुझं घालतो."

सुनीलकुमार घाईनं म्हणाला,

"नगा घालू, अण्णा. रेशनकार्डातून काढलं तिचं नाव, मतदार यादीतून काढलं. सगळीकडं सह्या मीच केलो. दोन वर्षांत तिच्या नावानं आलेला हा एकच कागद. तेवढं ऱ्हाऊ द्या."

"व्हय," माणिकप्पा म्हणाला.

फोन ठेवून त्यानं खिशातून सहा दोनशेच्या नोटा काढल्या आणि लेकीपुढं ठेवल्या. "जुनंच ठेव. एकबी नाव काढू नगस." भाग्यलक्ष्मीनं वाद घातला नाही. तिनं नोटा घेतल्या, आपल्या फोनवरून पैसे भरले आणि चहा आणायला गेली.

ती परतली तेव्हा बाप फोनवर एका बोटानं काहीतरी लिहीत होता, एवढा रमून, की ती शेजारी बसली तरी त्याला कळलं नाही. तिनं डोकावून पाहिलं. एकशे आठवा ग्राहक, 'मंगलची विहीर'.

"अप्पा," ती हलकेच म्हणाली, "आपल्याला विहीर कुठं हाय?"

"न्हाई," माणिकप्पा म्हणाला. त्याची नजर पिंपळाच्या सावलीत कुठंतरी लागली होती. "पाणी लई गोड हाय पर तिचं."

भाग्यलक्ष्मीनं फोन घेतला, नंबरच्या रकान्यात आईचा जुना नंबर घातला आणि चहा बापाच्या हातात दिला.