हरकत न घेणारा माणूस

दिगू गेल्याची बातमी मला कोणी मुद्दाम कळवली नाही. ती कोर्टाच्या फाटकात कळली, आणि तीही अशी, की आज काम होणार नाही. पेन्शनच्या कागदांसाठी एक शपथपत्र करून घ्यायचं म्हणून मी सकाळीच तालुक्याला आलो होतो. उन्हाळा तोंडावर आला होता. आत गेलेली माणसं उलटी बाहेर यायला लागली होती. मेंढरं पाळणाऱ्या घरातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन पट्टेवाल्याला विचारत होती, "काहून बंद केलं म्हनायलाव?" "वकील वारले बाई. दुखवटा हाय." "माझा वकील तर न्हवं?" "न्हाई, दुसरे." "मंग माझी पेशी?" "पुढची तारीख घ्या आन् जावा." ती तिथंच उभी राहिली. मग कुणाला उद्देशून नव्हे, अशी म्हणाली, "मेंढरं दुसऱ्याच्या गळ्यात घालून आले व्हते रे बाबा…" मी पट्टेवाल्याला विचारलं, कोण वारलं? त्यानं दिगूचं नाव सांगितलं.

माझा बालमित्र गेला होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की जाताजाताही यानं एका बाईची तारीख वाढवली. असं मनात येणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण आलं. त्याच्यावर गोड लिहिणाऱ्यांचं लिहून झालं आहे. मला जे लिहायचं आहे ते कडू आहे, आणि ते लिहिल्याशिवाय मला त्याच्यासाठी नीट रडता येणार नाही.

दिगंबरला सगळे पुढं वकीलसाहेब म्हणायला लागले, माझ्यासाठी तो दिगूच. पोलीस ॲक्शननंतर आमच्या वस्तीतली पोरं हायस्कुलात बसायला लागली, तेव्हा मास्तरांनी मला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. दिगू आपलं दप्तर उचलून माझ्याशेजारी येऊन बसला. मास्तर म्हणाले, "तिथं बसणारेस तू?" दिगू म्हणाला, "हरकत नाही." वकिलाचा पोरगा, बापाच्या तोंडचे शब्द उचलायचा. तेच पुढं त्याचं जन्माचं पालुपद झालं. एका सुट्टीत तो चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून पायी आमच्या गावी आला. माय संकोचून म्हणाली, "लेकरा, आमच्यातलं पानी चालंल का तुला?" त्यानं तिच्या हातातून तांब्या घेतला, गटागटा रिकामा केला आणि मग तोंड पुसत म्हणाला, "हरकत नाही." माय ते आठवून आठवून हसायची. त्या तांब्याभर पाण्यावर त्यानं आमचं घर जिंकलं, आणि हे मी उपहासानं म्हणत नाही.

मग नामांतराची दंगल आली. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला तिकडं, आणि जळालं आमचं घर, ज्या घरातल्या म्हातारीनं विद्यापीठ कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी तेव्हा वालूरच्या शाळेवर होतो. घरी पोचलो तेव्हा भिंती उभ्या होत्या, माळवद खाली आलं होतं आणि माय समोरच्या बाभळीखाली बसली होती. पोलिसांच्या कागदात "अज्ञात इसम" आले आणि तो खटला यथावकाश विझला. मायच्या लेखी अज्ञात कोणीच नव्हतं. पुढं उभा होता तो गावच्या बागाईतदाराचा थोरला, बापूराव. त्यांच्या रानात खुरपायला जायची तेव्हा मायनंच त्याची झोळी हलवली होती. त्याच बापूरावानं पुढं आमच्या जळक्या जागेला काट्याचं कुंपण घातलं आणि आत म्हशी बांधल्या.

जागेसाठी दावा लावायचा तर वकील मिळेना. एकाला नेमकी तेव्हाच तब्येतीची कुरकुर, एकाची बापूरावाच्या सासऱ्याकडं सोयरीक, एक तर सरळच म्हणाला, "गुरुजी, मला बी ह्याच मुलखात राहायचंय." दिगूनं मात्र वकीलपत्र घेतलं. बाररूममधले काही जण त्यावरून त्याच्याशी बोलेनासे झाले. फीचं नावही त्यानं काढू दिलं नाही. माय पहिल्यांदा त्याच्या ऑफिसात आली आणि सवयीनं उंबऱ्याजवळ खाली बसली. दिगू उठला, आतल्या घरातून वडिलांची वेताची खुर्ची घेऊन आला आणि टेबलासमोर मांडली. "माय, इथं बसा." "नको बाबा, खालीच बरं हाय." "तुम्ही बसल्याशिवाय मी फाईल उघडणार नाही." माय बसली. टेकली नाही, खुर्चीच्या काठावर बसली, पण बसली. टेबलाच्या अलीकडं खुर्चीत बसायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. त्या दिवशी दिगूसाठी मी जीव टाकला असता.

मायला काय हवं होतं, ते इथं नीट सांगायला पाहिजे. जागा तर हवीच होती. पण त्याहून तिला बोलायचं होतं. दिगूनं तिला सांगितलं होतं, की कोर्टात तुम्हाला पिंजऱ्यात उभं करतील, शपथ देतील, आणि मग तुम्ही काय पाहिलं ते तुम्हीच सांगायचं, मध्ये कोणी बोलणार नाही. हे ऐकल्यापासून ती दुसऱ्या कशाबद्दल बोलेना. भाकरी थापतानाही तिची साक्ष चालू. "सायब, ही जागा माझ्या नवऱ्यानं भरली. भिताडाची माती म्या तुडवली. घर जळायलं व्हतं तवा मी बाभळीखाली व्हते. ह्यो समोर उभा व्हता. ह्यो मला म्हनला, नाव पायजे न्हवं तुमाला? घे नाव." इथं ती पिठाचं बोट पुढं करायची. "ह्यो, सायब. ह्योच." आमच्या घरातल्या पोराटोरांनाही ते पाठ झालं होतं.

मग तारखा सुरू झाल्या. बापूरावाचे वकील गोविंदराव, गोड बोलण्यात हातखंडा. मायच्या साक्षीला पुकारा झाला की ते उठून हात जोडायचे. आज घसा बसलाय, आज जिल्ह्याला दुसरी केस आहे, आज लेकीला पाहायला पाहुणे येणार आहेत. कोर्ट दिगूकडं बघायचं. दिगू खुर्चीतून अर्धवट उठायचा आणि म्हणायचा, "हरकत नाही." झालं, पुढची तारीख. माय धुवून घडी घातलेलं लुगडं नेसून पॅसेंजरनं यायची, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची आणि संध्याकाळी तशीच परत जायची. एकदा मला म्हणाली, "सुदाम, त्या वकिलाच्या लेकीला किती येळा बघायलेत रे? लय वंगाळ हाय का दिसायला?" मी हसलो. नंतर नंतर हसू येईना.

मी दिगूला विचारलं. त्याच्या घरी, चहा घेताना. "तू विरोध का करत नाहीस?" तो शांतपणे म्हणाला, "सुदाम, समोरचा वकील अडचण सांगतो तेव्हा ती खरी धरायची असते. आज मी त्यांची तारीख अडवली, तर उद्या माझी कोण सोडेल? वडिलांनी मला हेच शिकवलं. हा धंदा एकमेकांच्या शब्दावर चालतो." "आणि मायची अडचण?" तो म्हणाला, "माय काय… माय आपली आहे." मला आजही त्या वाक्यापुढं सरकता येत नाही. माय आपली, म्हणून तिनं थांबायचं. गोविंदराव परके, म्हणून त्यांचा मान. फी घेतली असती तर मी टेबलावर हात आपटून भांडलो असतो, वकील बदलला असता. फुकटच्या उपकारापुढं माणसाची जीभ उचलत नाही.

पुढं मायनं अंथरूण धरलं. दिगू स्वतः गावी आला, तिच्या उशाशी बसला. मला म्हणाला, कोर्टानं कमिशन नेमलं तर माणूस घरी येऊन साक्ष लिहून घेतो, मी अर्ज तयार ठेवलाय, येत्या तारखेला देतो. मायला सांगितलं तर ती उठूनच बसली. म्हणाली, "मंग बापूरावाला बी बोलवा म्हनावं. बोट कुनाकडं करू?" त्या तारखेच्या आधी गोविंदरावांची आई गेली. या वेळचं कारण तेवढं खरं होतं. दिगूनं अर्ज खिशातून काढलाच नाही. मला म्हणाला, "सुतकातल्या माणसासमोर मी तुझ्या आईच्या मरणाची घाई कशी मांडू रे? एकच तारीख…" त्या एका तारखेच्या आत माय गेली. तापात शेवटपर्यंत तिचं बोट चादरीवर हलत होतं.

नंतर मी दिगूला म्हणालो, मी उभा राहतो, तिचं सगळं मला पाठ आहे. तो मान खाली घालून म्हणाला, "ती ऐकीव साक्ष होते. कोर्ट धरत नाही. ज्यानं पाहिलं त्यानंच सांगावं लागतं." कायदा त्याला बिनचूक येत होता, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

दावा आम्ही जिंकलो. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्यांवर जिंकलो. निकालात मायच्या नावापुढं कंसात "मयत" लिहिलं होतं, तिचं एक वाक्य कुठं नव्हतं. दिगू पेढे घेऊन आला. मी पुडा उघडला नाही, तो तिथंच ठेवून गेला, आणि मुंग्या लागल्यावर बायकोनं उचलला. मग आम्ही रस्त्यात भेटलो की तब्येतीची चौकशी करणारे दोन सभ्य गृहस्थ झालो. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं, तेव्हा तो कपाळाला गुलाल लावून माझ्या दारात आला. मिठी मारली. रिकाम्या हातानं आला, ते बरं केलं. "माय असायला पाहिजे होती," म्हणाला. मी म्हणालो, "हो." तीच आमची शेवटची भेट.

दुखवट्याची सभा बाररूममध्ये झाली. फोटोला हार होता. गोविंदराव बोलायला उभे राहिले आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. म्हणाले, "असा वकील आता होणे नाही. इतकी वर्षं समोरासमोर उभे राहिलो, पण दिगंबररावांनी माझ्या एकाही तारखेला कधी हरकत घेतली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अध्यक्ष मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बालमित्र, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. मायचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, जागा भरल्यापासून बोटापर्यंत. समोर सगळे वकील होते आणि दुखवट्याच्या सभेत कोणी मध्ये बोलत नाही… पण ती पुन्हा ऐकीव साक्षच झाली असती. मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मित्राचा कंठ दाटला.

परवा वहिनींना भेटायला गेलो. दिगूच्या ऑफिसात पुस्तकं बांधून ठेवली होती, टेबल कोणाला तरी देऊन झालं होतं. वेताची खुर्ची तेवढी भिंतीशी होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही तुम्ही न्या. माय गेल्यापासून यांनी हिच्यावर कोणाला बसू दिलं नाही. गोविंदराव एकदा बसायला लागले, तर यांनी चक्क त्यांचा हात धरला. म्हणाले, इथं नाही, ही मायची आहे. चारचौघांत. गोविंदरावांचं तोंड एवढंसं झालं होतं बघा."

मी खुर्चीकडं बघत राहिलो. म्हणजे हरकत घेता येत होती त्याला.

खुर्ची मी आणली नाही. वहिनींना म्हणालो, राहू द्या इथंच. माय तशीही तिच्यावर कधी टेकून बसली नाही. तिला उभं राहायचं होतं.