एक्स-रेच्या खोलीतली जागा

वहिनी गेल्यापासून मी फार सावकाश लिहितो. एक वाक्य झालं की थांबावं लागतं.

ती गेली त्या वर्षी राज्यांची फेररचना होऊन गेली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही पांढुर्ण्याचे मध्यप्रदेशातच राहिलो. गाडी तीच होती, फलाटही तोच. पण दादाचा एक मित्र नागपूरच्या इस्पितळात एक्स-रे काढायचा, त्यानं निरोप पाठवला : धाकट्याला हे काम शिकायचं असेल तर लवकर कळवा, पुढे तुम्ही परराज्यातले ठराल. दादा आणि तो आमच्या जवळच्या सौसर गावच्या शाळेत एका बाकावर बसत.

मी विज्ञान घेऊन मॅट्रिक झालो होतो. काम मनात भरलं होतं, आणि त्याची धास्तीही होती. मित्राची नखं तपकिरी झालेली मी पाहिली होती. फिल्म धुण्याच्या औषधानं होतात, असं तो सांगे. मला ते किरणांचंच काम वाटे. माझा होकार द्यायचा राहिला.

त्याच सुमारास वहिनीचा खोकला लांबला. संध्याकाळी अंग तापू लागलं. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ती या घरात आली होती. माझी दप्तरं तिनंच शिवली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं, तेव्हा दादाबरोबर मीही निघालो. काम बघून ठरवता येईल, असं दादा म्हणाला.

एक्स-रेच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. मित्र म्हणाला, "वहिनी, गळ्यातलं काढून ठेवा."

वहिनी मागे सरकली. "हे बाहेर बसून राहिले न जी! ते जिते असताना मी काहून काढू?"

त्याला हे रोजचंच असावं. "नका काढू. वर उचलून दातांत धरा. छातीवर येऊ देऊ नका."

वहिनीनं मंगळसूत्र दातांत धरलं आणि फिल्म ठेवलेल्या थंड पत्र्याला छाती लावून उभी राहिली. मित्रानं मला हात धरून शिशाच्या पडद्यामागे ओढलं. आम्ही दोघं आडोशाला आणि ती एकटी समोर, हे मला कसंसंच झालं. "श्वास घ्या. धरा." यंत्र घुमलं. "सोडा." तिला खोकल्याची उबळ आली आणि मणी दातांतून सुटले.

अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा होता. औषधात बुडवलेल्या फिल्मवर आधी बरगड्या उमटल्या. मग डावीकडे वरच्या बाजूला एक पांढुरका डाग दिसू लागला. मी मित्राकडे पाहिलं.

"दिसलं?" तो हळूच म्हणाला. "आता बाहेर जायचं आणि काही बोलायचं नाही. सांगायचं काम डॉक्टरांचं. आपलं तोंड भिंतीसारखं पाहिजे."

बाहेर दादा आणि वहिनी बाकावर बसले होते. मी खाली मान घालून त्यांच्या शेजारी बसलो. दादा पाणी आणायला उठला, तशी ती माझ्याकडे वळली.

"भाऊजी, तुमी पायलं न?"

"डॉक्टर सांगतील."

तिनं माझा चेहरा न्याहाळला. मग हसली. "हे काम तुमाले नाई जमनार, भाऊजी. फोटो तर तुमच्या तोंडावरच दिसून राहिला."

दादा पाणी घेऊन आला तेव्हा तीच त्याला म्हणाली, "तुमच्या भावाले भूक लागली वाटते, चेहरा पाहा कसा उतरला."

त्यानंतर किरणांची भीती कुठल्या कुठे गेली. घरात तिच्यासमोर जेवायला बसलो की मी ताटाकडे बघत जेवायचो. तिनं वर पाहायला लावू नये, एवढंच वाटायचं. औषधं झाली, जामसांवलीच्या मारुतीला जाणं झालं. उन्हाळा संपायच्या आत ती गेली.

तेरावं झाल्यावर मित्राचा पुन्हा निरोप आला : जागा अजून आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी छाती तपासून घ्यावी. दादाला उठवतच नव्हतं. मी एकटाच गेलो.

या वेळी पत्र्यापुढे मी होतो. थंडगार पत्रा छातीला लागला. "श्वास घ्या. धरा," पडद्यामागून आवाज आला. मग तो फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरला. मी बाकावर बसलो, आणि वहिनीनं जे विचारलं होतं तेच माझ्या ओठांवर येऊन थांबलं.

तो बाहेर आला. मी त्याचे डोळे पाहिले, कपाळ पाहिलं, ओठांचे कोपरे पाहिले. कुठंच काही नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. "डॉक्टरांकडे जाऊन ये," तो म्हणाला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मी परत येऊन मित्राच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

"मला जागा नको, भाऊ."

"किरणांना भितोस?"

"नाही. त्या भिंतीसारख्या तोंडाला."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि बाकावरच्या पुढच्या बाईला आत बोलावलं.