एकदाच विचारणारं हॉटेल

जानेफळहून पुण्याला शिकायला निघाले त्या सकाळी बाबांनी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली आणि बस हलेपर्यंत एकच सूचना देत राहिले, "तिथं लाजू नको. मांगून खाजो." मी मागून खाल्लं. पुण्याच्या मेसमध्ये मागितलं आणि पुढे जर्मनीत, श्टुटगार्टच्या नोकरीत, इतक्या बिनदिक्कत मागायला लागले की तिथे तो माझा गुण समजला जातो.

बाबा या उन्हाळ्यात माझ्याकडे आले ते मात्र होते तसेच. आई गेल्यावर ते गावी एकटे असतात. त्यांना फ्रान्स दाखवायला नेलं आणि लियोंमध्ये, जगात नावाजलेल्या एका ठिकाणी जेवायला बसवलं. टेबल तीन महिने आधी राखून ठेवावं लागलं होतं. त्याला हॉटेल म्हणायचं नसतं म्हणे. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतात, त्यामुळे माझी जीभ अजून वळत नाही.

वेटरने दोघांच्या ताटांवरची चांदीची झाकणं एकाच क्षणी उचलली. आत एक गाजर होतं. मग त्या गाजराचं चरित्र सांगण्यात आलं. ते कुठल्या मातीतलं, पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव काय, सगळं. तेवढ्या वेळात आमच्याकडे एक पंगत उठते. बाबांनी जन्मभर तूर पिकवली, कुठल्या ताटावर त्यांचं नाव निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

गाजर दोन घासांत संपलं. वेटर ब्रेडची टोपली घेऊन आला. बाबांनी ताटावर हात आडवा धरला. वेटर किंचित झुकला आणि गेला. पुढे माशाबरोबरचं लोणी आलं, हात आडवा. चीजची अख्खी गाडी ढकलत आणली, हात आडवा. दर वेळी तो माणूस अतिशय अदबीने निघून जाई आणि बाबा त्याच्या पाठीकडे पाहत राहत. मला वाटलं, आवडत नसेल. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, बाहेर कुठे काही खायला मिळेल काय?

मी वैतागले. भूक होती तर नको का म्हणालात? ते म्हणाले, "पयल्याच खेपेला हो म्हनाव काय? हावऱ्यावानी?" मी समजावलं की इथे एकदाच विचारतात.

"मंग ते इचारनं कायचं? सांगून जानं झालं."

मला म्हणालात ना मागून खा, मी म्हटलं.

"तुले म्हनलं होतं. मी पाहुना हाय."

पाहुणा. लेकीच्या टेबलावर. आधी त्यांचाच राग आला, मग स्वतःचा. आई गेली तेव्हा मी फोनवर विचारलं होतं, माझ्याकडे राहायला येता का? ते म्हणाले, नाही, मले इथंच बरं. मी ठीक आहे म्हटलं आणि विषय संपवला. त्यांच्या निर्णयाचा आदर केला, असं मैत्रिणींना अभिमानाने सांगितलंही. म्हणजे मीही किंचित झुकले होते आणि टोपली घेऊन गेले होते.

तिथेच पुन्हा विचारलं. त्यांनी हात आडवा केला. शेत कोण पाहील, मोटर कोण चालू करील. लगेच तिसऱ्यांदा विचारलं. ते चमच्यांची रांग सरळ करत बसले. जेवणानंतर आम्ही रस्त्यावर उभ्याने शावर्मा खाल्ला. दुकानदाराने न विचारता कांदा जास्त घातला, तो बाबांना फार सभ्य माणूस वाटला.

जी गावं सोडून आपण निघालो, तिथल्या कितीतरी गोष्टी मला आजही सहन होत नाहीत, त्यात तो जेवणाचा आग्रहही येतो. पण घर कशाला म्हणायचं असं आता कोणी विचारलं, तर जिथे पहिल्या नकाराला कोणी किंमत देत नाही ती जागा, एवढंच मला सांगता येईल.

बाबा परत गेले. मी दर रविवारी फोनवर विचारते, ते दर रविवारी नाही म्हणतात. गेल्या खेपेला नाही म्हणून झालं, आणि मग ते म्हणाले, "तिकडं तुरीची दाळ भेटते काय?"